बाजार ते बाजार

माय, तुझ्याशी भांडायला बसले आहे. भांडायला दुसरं कोणी उरलंच नाही. तुझे जावई होते तोवर त्यांच्यावर तोंडसुख घेता यायचं, नोकरी होती तोवर वर्गातल्या पोरांवर. आता या घरात लहान्या आहे आणि मी आहे, आणि त्याच्यावर ओरडायला तोंड उघडावं तर तो डोळे मिटून पडलेला असतो. लिहायला घेतलं की माझं शाळेतलं मराठी येतं, जन्मभर फळ्यावर तेच लिहिलं. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "बाप्पा! मास्तरीणबाई झाली म्हणून मायशीबी पुस्तकावानी बोलते का वं?" ऐकलं असतंस म्हणते, कारण वाचता तुला येत नव्हतं. म्हणजे तू असतीस तरी हे मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं आणि मध्येच माझा आवाज गेला असता. मग तू परातीतली कणीक तशीच टाकून माझ्याकडे बघत राहिली असतीस.

लहान्या आजारी आहे, माय. साधा आजारी नाही. पन्नाशीचा झाला, केस गेले, पण तू ठेवलेलं नाव काही गेलं नाही, सगळं कारंजा त्याला लहान्याच म्हणतं. त्याला कॅन्सर आहे. पाठीत, उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली, आणि तिथून मणक्यात उतरलेला. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता त्यांना घेऊन इकडे चकरा मारू नका. गोळ्या वेळेवर द्या, जवळ बसा." तेव्हापासून मी सेलूचं घर कुलूप लावून बंद केलं आणि इथे कारंज्याला त्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. लग्न त्यानं केलं नाही, गाडीशीच लग्न लागलं म्हणायचा. जवळ बसणार कोण? मीच. आणि हा माणूस दिवसभर माझ्याकडे एकच गोष्ट मागतो. पाणी नाही, जेवण नाही. थंड मलम मागतो. "ताई, थोडं मलम लाव नं पाठीले." आणि तेवढी एकच गोष्ट मला देता येत नाही. यावरून मला तुझ्याशी भांडायचं आहे, कारण ते मलम आपल्या घरात तू आणलंस आणि त्याचे कायदेही तूच केलेस.

ढाबा आठवतो तुला? आता तिथे काचेची दारं असलेलं फॅमिली रेस्टॉरंट झालं आहे, आत एसी, बाहेर झुले. आपल्या वेळी बसायला चार बाजा आणि एक भट्टी. बाबा गेल्यावर तू तिथे रोट्या टाकायला लागलीस आणि आम्ही दोघं शाळा सुटली की मागच्या बाजूला पोत्यावर बसून अभ्यास करायचो. अभ्यास मी करायचे, तो ट्रक बघायचा. पहाटेपासून कणीक तिंबून तुझा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भरून यायचा. पंजाबकडचा एक ड्रायव्हर होता, रोट्या मोजून घ्यायचा नाही म्हणून तू त्याच्यावर खूश. त्यानं खिशातून एक चेपलेली ट्यूब काढून तुला दिली. "माताजी, ये लगाओ. एकदम ठंडा." मी अजून बघते आहे, तू ती ट्यूब हुंगतेस आणि तुझ्या डोळ्यात पाणी येतं आणि तू हसतेस.

आणि मग तू काय केलंस! आपल्याकडे हात भरून आला की काय करतात? रुईचं पान तव्यावर शेकायचं, दुखऱ्या जागी ठेवायचं आणि वरून फडकं करकचून बांधायचं. तुझ्या मायनं तेच केलं, तिच्या मायनं तेच केलं. तू अर्धी ट्यूब हातावर थापलीस, त्यावर गरम पान, त्यावर लुगड्याची चिंधी, गाठ मारून घट्ट, आणि तशीच भट्टीसमोर जाऊन बसलीस. मी विचारलं, "पोळून नाई राह्यलं का वं?" तर म्हणालीस, "काई नाई! थंडं थंडं लागून राह्यलं." थंडच लागत होतं तुला. शेकाचा झोत त्याच हातावर येत होता आणि तुला कळत नव्हतं. संध्याकाळी चिंधी सोडली तेव्हा पानाच्या आकाराएवढी कातडी लालबुंद होऊन तिच्यावर फोड आले होते. लहान्या घाबरून रडायला लागला आणि तू त्यालाच रागावलीस, "अबे, हात माहा जळला, तू काऊन रडते?"

दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिघंही गेलो, कारण आम्हाला ठेवणार कुठे. त्यांनी हात पाहिला, ट्यूब पाहिली आणि तुला असं झापलं की बाकावरचे पेशंट गप्प झाले. "हे लावून वर फडकं बांधलं? वरून शेक दिला?" तू म्हणालीस, "थंडं होतं नं बाई, मले वाटलं शेकानं बराबर होईन." त्या म्हणाल्या, "अहो, ते थंड नसतं. थंड वाटतं. कातडीला तेवढा वेळ फसवतं, म्हणून दुखणं विसरायला होतं. त्याला उघडंच ठेवायचं. पट्टी नाही, गरम पाणी नाही, चूल तर अजिबात नाही." मग तुझा चेहरा बघून त्या जरा मऊ झाल्या. काम संपल्यावर, अंग निवल्यावर, वाटाण्याएवढं घे म्हणाल्या. दिवसातून दोनदा, फार तर तीनदा. चिरलेल्या, सोललेल्या जागी लावू नको. लावून झालं की हात साबणानं धू, डोळ्याला, तोंडाला लागू देऊ नको, तान्ह्या लेकराजवळ तर नेऊच नको. आणि आठवडाभर लावून थांबलं नाही तर लावत बसू नको, इकडे ये. "कारण मग ते लहान दुखणं नाही," असं त्या म्हणाल्या. मी तेव्हा चौथीत असेन. मला ते वाक्य तसंच्या तसं आठवतं आणि आता वाटतं, नसतं आठवलं तर बरं झालं असतं.

तू दिवस मोजणारी बाई नव्हतीस. तुझ्यासाठी आठवडा म्हणजे बाजार. बाजाराच्या दिवशी ढाब्यावरून लवकर सुटायचीस, भाजी घ्यायचीस, आम्हाला चिवडा आणि दवाखान्याचं काही असेल तर तेही त्याच फेरीत. म्हणून तू कायदा केलास, बाजार ते बाजार. या बाजारी दुखायला लागलं तर मलम लावा, पुढच्या बाजारीही दुखत असेल तर पिशवी घेऊन निघायचंच आहे, डॉक्टरीणबाईचं दार वाटेतच आहे. काय सोपं होतं! ढाब्यावरच्या बायकांना सांगितलंस, शेजारणींना सांगितलंस, चहा पिता पिता ड्रायव्हर लोकांनाही सांगायचीस, "भैया, बाजार से बाजार तक. उसके बाद डाक्टर." त्यांना काय कळायचं देव जाणे. तो पंजाबचा ड्रायव्हर तुला हसून विचारायचा, "माताजी, कौन से गाँव का बाजार?" आणि तू लाटणं उगारायचीस. माय, त्यानं बरोबर विचारलं होतं गं. कोणत्या गावचा बाजार. आपण हसलो.

एकदा रोट्यांना मलमाचा वास लागला, आठवतं? तू हात न धुता कणकेला बसली होतीस. गिऱ्हाईकानं घास तोंडातून काढला, "रोटी में दवाई डाली क्या?" ढाब्याचा शेठ धावत आला. त्यानंतर तू हात असे घासायचीस की जणू ऑपरेशनला निघाली आहेस. आणि लहान्यानं गुडघा फोडून घेतला तो दिवस. ट्रकच्या मागे लोंबकळून पडला, गुडघ्याची सालटं निघाली, आणि मार चुकवायला गुपचूप आत येऊन त्यानंच ते मलम त्या सोललेल्या जागी चोपडलं. अशी बोंब मारली की ढाब्यावरचे लोक उठून उभे राहिले. तू त्याला उचलून नळाखाली धरलंस, गुडघा धूत राहिलीस, एक हात गुडघ्यावर आणि दुसऱ्या हातानं पाठीत धपाटे. "पोट्ट्या, कातडी नसन तिथं लावत असते का? सांगतलं होतं नं? सांगतलं होतं नं?" आणि धपाटे मारता मारता तूच रडायला लागलीस. मग तो म्हणाला, "आता तू काऊन रडते?" आणि तिघंही हसलो. त्या हसण्याचं मला आता करायचं काय, ते सांग.

माझ्या लग्नात तू ट्रंकेत साड्यांच्या घडीत एक नवी ट्यूब ठेवलीस. सेलूला सासूबाईंनी ट्रंक उघडली आणि शेजारच्या बायकांना दाखवली, "पाहा वो, सून दुखणं घेऊनच आली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पुढे त्याच सासूबाई गुडघ्यासाठी ती ट्यूब मागायला लागल्या. त्यांना रक्त पातळ व्हायच्या गोळ्या होत्या, म्हणून मी दिली नाही, आधी डॉक्टरांना विचारून येते म्हटलं. त्या चिडल्या, "मलमाले का डाक्टरले विचारा लागते?" विचारून आले तर त्यांनी नकोच म्हणून सांगितलं, या गोळ्यांबरोबर असलं मलम चोळत बसलं तर अंगात रक्तस्राव व्हायची भीती असते म्हणाले. तेव्हा सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, तुह्या मायनं तुले शिकवलं बरं. तुला सांगायचं राहूनच गेलं. तू त्याच साली तापानं गेलीस, बाजाराला जायलाही वेळ मिळाला नाही तुला.

तर असा तुझा कायदा. सगळ्यांना पुरला. माझ्या मानेला पुरला, तुझ्या जावयाच्या कमरेला पुरला, सासूबाईंना वाचवून गेला. एकट्या लहान्याला तेवढा पुरला नाही.

लहान्यानं ट्रकवर क्लीनरकी केली, मग ड्रायव्हर झाला, मग स्वतःचा छोटा टेम्पो घेतला. धंदा कोणता? बाजाराचा. बांगड्यावाले, भांडेवाले, कापडवाले, यांची गाठोडी आणि त्यांच्या पालांचे बांबू घेऊन रोज वेगळ्या गावचा बाजार. आज सेलू, उद्या सिंदी, परवा कारंजा, कधी तिकडे आर्वीकडे. गठ्ठे उतरवायलाही हाच, चढवायलाही हाच. पाठ दुखते म्हणाला तर नवल कोणाला वाटणार? मलाही नाही वाटलं. सेलूच्या बाजारी आला की माझ्याकडे भाकर खायचा, जाताना दाराच्या चौकटीला पाठ घासायचा, गाईसारखा. मी म्हणायचे, काय रे, दुखते का? तर म्हणायचा, "नाई वं, खाजून राह्यली." मग सेलूला येणंच त्याचं कमी झालं. फोन केला की म्हणायचा, भाडं दुसरीकडचं लागलं आहे.

एक दिवस आला तेव्हा दारातून आत येईपर्यंत मी त्याला ओळखलं नाही. शर्ट अंगावर नाही, खुंटीवर टांगल्यासारखा. मी बाहेर गेले आणि त्याच्या टेम्पोत शिरले, का ते मला सांगता येणार नाही, हातातून काहीतरी सुटतंय असं वाटलं म्हणून असेल. समोरचा कप्पा उघडला आणि भसकन वास आला, तुझाच, ढाब्याचा. आत ट्यूबच ट्यूब. पिळलेल्या, दुमडलेल्या, अर्ध्या, नव्या. वेगवेगळ्या गावच्या मेडिकलांतून घेतलेल्या, एकाच दुकानात परत परत मागितली तर दुकानदार विचारील म्हणून. मी त्या ओच्यात भरून आत आणल्या आणि त्याच्या पुढ्यात ओतल्या. "हे काय आहे? मायनं काय सांगितलं होतं?"

तर हसला, माय. मला म्हणतो, "अवो ताई, मायचा नियम म्या मोडला कुठं? माय म्हणे बाजार ते बाजार. म्या सेलूच्या बाजारी लावणं चालू केलं. म्हटलं पुढच्या सेलूच्या बाजारी दुखलं तं जाईन डाक्टरकडं. पण पुढच्या हप्त्यात सेलूचं भाडंच नाई लागलं, सिंदीचं लागलं. मंग सिंदीपासून मोजलं. सिंदीचा आला तं गाडी कारंज्यात. मले तं रोजच बाजार आहे वं, कोणचा धरू?" मी विचारलं, आणि झोपेत दुखतं का? तर मान खाली घालून म्हणाला, "झोपच कुठं येते." मी त्याला मारलं. त्या वयाच्या माणसाला, दंडावर, दोन्ही हातांनी. त्यानं मारू दिलं. जगात आणखी कोणी असा हिशेब केला असता का? तुझा कायदा तोंडपाठ, तुझ्यावर जीव, आणि त्याच कायद्याच्या आड लपून बसला. घाबरला होता तो. तू असतीस तर तुला पहिल्या दिवशी कळलं असतं. त्याचा कान धरून नेलं असतंस.

मोठ्या दवाखान्यात मी त्या डॉक्टरांना ट्यूबांचं सगळं सांगितलं. वाटलं, ते म्हणतील की मलमानंच वाट लावली, म्हणजे निदान कोणाला तरी शिव्या देता येतील. ते म्हणाले, "मलमाचा दोष नाही हो, बाई. मलम लचक भरली, अंग दुखलं, तेवढ्यासाठी असतं. ज्यासाठी नाही त्यासाठी वापरलं की ते दुखणं झाकून ठेवतं, इतकंच. लवकर आले असते तर काय झालं असतं, आज मी सांगू शकत नाही." सांगू शकत नाही म्हणे! निदान खोटं तरी बोलायचं होतं. वाचले असते म्हणाले असते तर मी लहान्यावर रागावून दिवस काढले असते, नसते वाचले म्हणाले असते तर नशिबावर. आता मी कोणावरच धड रागावू शकत नाही.

मग पाठीवर शेक दिला, रेडिएशनचा, मशीनखाली निजवून. दुखणं जरा मागे सरावं म्हणून, बरं व्हावं म्हणून नाही. त्यानं तिथली कातडी काळी पडली आहे, करपलेल्या भाकरीसारखी, आणि पातळ झाली आहे. तिथल्या सिस्टरनं बजावून सांगितलं, या जागेवर तेल नाही, बाम नाही, मलम नाही, गरम पिशवी नाही, घट्ट कापड नाही, आम्ही दिलंय तेवढंच. लहान्या पालथा पडून हसला, "ताई, मायच बोलून राह्यली." मी सिस्टरला विचारलं, त्याला थंड मलमाची फार सवय आहे, कुठेच नाही का लावता येणार? ती चांगली मुलगी होती. जरा विचार करून म्हणाली, "जिथली कातडी चांगली आहे, जिथे शेक दिला नाही, तिथे थोडंसं लावलं तर चालेल, पायाला वगैरे. पण मावशी, त्यानं पाठीचं काही थांबणार नाही." ते मला माहीत होतं.

घरी आणल्यावर गोळ्या सुरू झाल्या, तगड्या. त्यांनी दुखणं दाराबाहेर जाऊन बसतं, पण गावाला जात नाही. आणि गोळीचा अंमल उतरायला लागला की याचं सुरू, मलम लाव. मी नाही म्हणते. तो म्हणतो, थोडंसं. मी नाही म्हणते. एकदा तो रडला. ढाब्यावर गुडघा फुटला तेव्हा रडला होता तसा नाही, आवाजच नाही नुसता. मग मी उठले, ट्यूब आणली, वाटाण्याएवढं बोटावर घेतलं आणि पाठ सोडून त्याच्या पायाशी जाऊन बसले. डावी पोटरी पुसली आणि तिथे हलक्या हातानं लावलं. तो डोळे मिटूनच म्हणाला, "ताई, तिथं दुखत नाई."

"माहीत आहे."

"मंग?"

"दुखते तिथं लावता येत नाही रे."

मग म्हणाला, "लाव. थंडं तं लागून राह्यलं."

तेव्हापासून रोज सकाळी आणि संध्याकाळी मी त्याच्या न दुखणाऱ्या पायाला मलम लावते. उघडं ठेवते, चादर वर येऊ देत नाही, हात साबणानं धुते. सगळं तू सांगितल्यासारखं. शहाण्या माणसानं बघितलं तर वेडी म्हणेल मला. पण लावताना तो बोलतो, माय. नुसता त्या वेळी बोलतो. ढाब्याचं बोलतो, तुझं बोलतो, त्या पंजाबच्या ड्रायव्हरला रोट्या मोजता यायच्या नाहीत का तो मुद्दाम मोजायचा नाही यावर माझ्याशी वाद घालतो. नंतर पुन्हा भिंतीकडे तोंड. दिवसातलं तेवढंच माणूस माझ्या वाट्याला येतं.

मागच्या बाजारी, खिडकीतून हाळ्या ऐकू येत होत्या, त्याच्या घराला लागूनच बाजाराचं मैदान आहे, तेव्हा त्यानं मला सांगितलं, "ताई, आजपासून मोज. बाजार ते बाजार. आता माही गाडी उभी आहे, आता एकाच गावचा बाजार. एक डाव तं मायचा नियम पाळू दे मले. पुढचा बाजार आला का मलम बंद. मंग मी तुले काईच मागत नाई." मी म्हटलं, आणि बाजारानंतर डॉक्टरकडे जायचं असतं, ते? तर म्हणाला, "डाक्टरनं तं येऊ नका म्हटलं नं?" म्हणजे त्यानं ते ऐकलं होतं. मला बाजूला घेऊन सांगितलेलं, दाराआडून. इतके दिवस मी त्याच्यासमोर बरा होशील, बरा होशील करत होते आणि तो ऐकून घेत होता, माझ्यासाठी.

तो हट्टी आहे, बोलला की बोलला. बाजार झाला की तो मागणार नाही, मी लावायला गेले तर पाय ओढून घेईल आणि भिंतीकडे वळेल. मग उरलं काय? गोळी, भिंत आणि मी. म्हणून हा सबंध आठवडा मला मैदानाचीच धास्ती. आज सकाळी पालं ठोकल्याचे आवाज यायला लागले. मी खिडकी लावून घेतली, वरून तुझी जुनी गोधडी टांगली आणि कूलर मोठा करून ठेवला. तुला कूलर माहीत नाही, उन्हाळ्यात पाण्यावरून वारा सोडणारी पेटी, असा घरघरतो की शेजारचं माणूस ओरडलं तरी ऐकू येत नाही. दुपारची गोळी दिली, तो झोपला. बांगड्यावाली त्याला बघायला दारात आली तर तिलाही मी बाहेरूनच वाटेला लावलं, झोपला आहे, आवाज करू नको म्हणून. बिचारीनं केळी आणली होती.

संध्याकाळ होता होता लाइन गेली. कूलर थांबला आणि सगळा बाजार खोलीत आला. शेवटची भाजी विकायची घाई, "घ्या वो बाई, घ्या, उरलं सुरलं," टेम्पोचे फाळके आदळल्याचे आवाज, बांबू एकावर एक टाकल्याचे. तो आवाज या घरात त्याच्याइतका कोणाला ओळखीचा? जन्म गेला त्याचा त्यात. त्यानं डोळे उघडले आणि बराच वेळ छताकडे बघत ऐकत राहिला. मग म्हणाला, "ताई, बाजार आहे का आज?"

माझ्या तोंडून शाळेचं मराठी गेलं, माय, तुझंच बोलणं आलं. "नाई रे. उद्या आहे. आज नुसते सामान टाकून राह्यले लोकं."

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं आणि दुसरा ओरडून त्याला सांगत होता, येऊ दे, येऊ दे, बस. लहान्या म्हणाला, "हो नं. उद्याच असन." आणि पाय माझ्याकडे सरकवला. "मंग आजच्या रोज लाव. वाटाण्याएवढंच लावजो, नाई तं माय रागवन."

मी लावलं. आज वाटाण्याहून थोडं कमीच घेतलं, ट्यूब संपत आली आहे आणि नवी आणायला बाजारातूनच जावं लागतं. आता तो झोपला आहे आणि लाइन आली आहे, आणि मी हे लिहून घडी करते आहे, पाठवायला तर पत्ता नाहीच. तुझ्याशी भांडण अजून मिटलेलं नाही. एवढंच सांगायचं होतं, बाजार आज होता. आणि उद्या त्यानं विचारलं तरी मी उद्याच आहे म्हणणार.